माझी दुसरी सातवी

एप्रिलचा दुसरा आठवडा सरला की आमच्या शाळेचं फाटक बंद होतं. निकाल हातात पडल्याबरोबर मुलं ओढ्याकडं पळतात, हेडमास्तर ऑफिसच्या खिडक्या एकेक करून लावून घेतात, आणि मी पुढच्या वर्षाचं गणिताचं पुस्तक स्कूटीच्या डिकीत टाकून घरी निघते. बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या पुढं आमचं गाव. वाटेत दोन्ही बाजूंना काजू. पिकलेल्या बोंडांचा तो आंबूस, किंचित झिंग आणणारा वास नाकात शिरला की दर वर्षी एकच होतं, माझी मान कारण नसताना ताठ होते. रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगावंसं वाटतं, मी सहावी-सातवीला गणित शिकवते!

माहेरच्या माणसांना हे अजून खरं वाटत नाही. थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, परवाच्या यात्रेत पाहुण्यांसमोर म्हणाला, "आमची ही गणित शिकवतीया म्हंजे म्हशीनं सायकल चालवल्यागत हाय." सगळे हसले. मीही हसले, आणि त्याच्या पोळीवर तूप वाढताना हात आखडता घेतला.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. चार वर्षांपूर्वी मलाही कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं.

तेव्हा मी याच शाळेत पहिली ते तिसरीला शिकवत होते. अतिथी शिक्षिका. अतिथी हे नाव मोठं छान आहे, पण पाहुण्यासारखा पाट कुणी मांडत नाही. दर जूनला नव्यानं नेमणूक आणि दर उन्हाळ्याला निरोप. तरी मला सुख होतं. गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या, पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. त्या वर्षी शेवटच्या दिवशी मी निघाले तर हेडमास्तरांनी व्हरांड्यात थांबवलं. माणूस भला, पण गोड बोलून वेळ घालवणारा नव्हे.

"टीचर, जूनपास्नं खालच्या वर्गास्नी कायमच्या टीचर येणार. तुमची ती जागा गेली बघा."

माझ्या हातात मुलांनी दिलेली जास्वंदीची फुलं होती.

"एक जागा हाय," ते म्हणाले. "सहावी-सातवीचं गणित. सर बदलून गेले ते तुम्हाला ठावंच हाय. गणिताला माणूस न्हाय म्हटल्यावर आईबाप दाखले काढून न्हेतील. घ्याल?"

"बघते सर."

"बघून न्हाय चालायचं. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात सातवीवर एक तास घ्या. मी मागं बसतो. जमलं तर जागा तुमची. न्हाय जमलं तर मला दुसरं माणूस हुडकाय पायजे."

मी पुस्तक मागितलं. पुस्तक यंदा बदलतंय, नवीन शाळा उघडताना येईल, जुनं घेऊन बसू नका, असं ते म्हणाले आणि खिडक्या लावायला गेले.

गणिताचं आणि माझं वैर जुनं होतं. माझ्या पहिल्या सातवीत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षी जी झाली त्या सातवीत, गुरुजींनी मला फळ्याजवळ बोलावलं होतं. आठ गडी एक बांध बारा दिवसांत घालतात, तर सोळा गडी किती दिवसांत घालतील? मी खडू घेतला. आठाचे सोळा झाले, दुप्पट, म्हणून बाराचेही दुप्पट केले आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, चोवीस दिवस. वर्ग आधी गप्प झाला आणि मग जो हसला तो हसतच राहिला. "गडी वाढलं आन् दिवसबी वाढलं!" असं कुणीतरी मागनं ओरडलं. गुरुजी मारकुटे नव्हते. ते फक्त "बस" म्हणाले. ते "बस" मला छडीपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर गणिताच्या तासाला मी कधी हात वर केला नाही. दहावीला काठावर, डी.एड.ला उत्तरं पाठ करून, अशी मी गणिताच्या कडेकडेनं चालत आले. पण पास होणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. पाठ केलेलं उत्तर मुलाच्या एका "का?"पुढं टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर मला भय गणिताचं नव्हतंच. खडू हातात धरून, सगळ्यांच्या देखत चुकण्याचं होतं. त्या एका भयापायी मी वीस-बावीस वर्षं फळा टाळत आले होते, शेवटी लहान मुलांच्या गाण्यांत लपून बसले होते, आणि आता हेडमास्तरांनी मला नेमकं त्याच फळ्यापाशी बोलावलं होतं.

पुस्तक कुठून आणायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. आमच्याकडं सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. माझं माहेर चंदगड तालुक्यात, गाडीवर अर्ध्या तासाचं. मध्ये एक ओढा आणि एक पाटी, की आलं महाराष्ट्र. तिकडची मुलं इकडं बेळगावच्या कॉलेजात येतात, इकडच्या मुली तिकडं सुना होऊन जातात. फरक जाणवतो तो लग्नाची तारीख काढताना. इकडची शाळा सुटलेली असते तेव्हा तिकडची मुलं अजून परीक्षेला बसलेली असतात. अण्णाचा रोहन त्या वर्षी सातवीत होता. त्याची परीक्षा संपायची मी वाट बघत बसले, आणि त्याचा गणिताचा पेपर झाला त्या संध्याकाळी अण्णाच्या दारात गाडी लावली.

"एवढी घाई कसली?" अण्णा म्हणाला. "आणि हे आमच्या सरकारचं पुस्तक. तुमचं सरकार येगळं."

"भाषेचं पुस्तक वेगळं असतंय अण्णा, इतिहासाचं वेगळं असतंय. गणित ते गणितच की! दोन दुणे चार काय ओढा ओलांडला की पाच होतात?"

अण्णाला ते पटलं. वहिनीलाही पटलं. घरी आल्यावर आमच्या ह्यांनाही पटलं. हे बेळगावात फौंड्रीत आहेत, मापांत एका केसाची चूक चालत नाही त्यांच्या कामात. चार शहाणी माणसं एका गोष्टीवर एवढी एकमतानं मान डोलावतात तेव्हा तिथं नक्की काहीतरी चुकत असतं, हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नाही.

आणि मी माझ्या दुसऱ्या सातवीला बसले.

आमच्या भागातला उन्हाळा सोसवतो. दुपारी ऊन लागतं, पण चार वाजले की पश्चिमेकडून घाटावरचा वारा येतो. मी ओसरीत बसायची. समोर फोडलेला फणस, हाताला तेल, एका पाटीत गरे आणि मांडीला टेकून रोहनचं पुस्तक. त्या पुस्तकाच्या तीन पानांना फणसाचा चीक लागला आणि ती अशी चिकटली की पुन्हा उघडली नाहीत. त्या तीन पानांवर काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. वही आणली नव्हती. लग्नसराईत घरात पत्रिका पडलेल्या असतात, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं करायची. पुढं गणपती, चिरंजीव आणि चि. सौ. कां., मागं माझे लसावि-मसावि. कुणाकुणाच्या संसाराची सुरुवात माझ्या चुकलेल्या भागाकारानं झाली आहे, हे त्यांना कधी कळू नये.

मेच्या सुरुवातीला नणंदेच्या मुलीच्या बस्त्याला खडेबाजारात गेलो होतो. बस्ता म्हणजे सकाळी अकराला गादीवर बसायचं आणि ढुंगणाला मुंग्या येईपर्यंत उठायचं नाही. साड्यांचा ढीग वाढत होता. सगळ्या जणी काठ-पदर बघण्यात दंग आहेत असं बघून मी हळूच सटकले आणि दोन दुकानं पलीकडं जाऊन कंपासपेटी मागितली.

"कितवीत हाय मुलगी?" दुकानदारानं विचारलं.

"सातवीत," मी म्हणाले.

"हुशार हाय का?"

"बेताचीच हाय. पण कष्टाळू हाय."

त्यानं पेटीबरोबर एक खोडरबर फुकट दिला. परत आले तर नणंद डोळे वटारून बसली होती, आणि माझ्या पिशवीतला कर्कटक तिच्या मांडीला टोचला तेव्हा सगळं बिंग फुटलं. मग त्या दुकानातली माणसंसुद्धा हसली. पस्तिशीला टेकलेली बाई, सुट्टीत, कंपासपेटी! पण त्या हसण्यानं मला काही झालं नाही. उलट मीच हसत हसत कर्कटक उघडून दाखवला. त्या दिवशी हे लक्षात आलं नव्हतं, आज लिहिताना येतंय, की गाठ तिथंच कुठंतरी सैल व्हायला लागली होती.

उन्हाळ्यात आमच्याकडं पापडांचा पैरा असतो. आज तुझ्या घरी सगळ्यांनी लाटायचे, उद्या माझ्या घरी. मजुरी नाही, उपकार नाहीत. हाताला हात फेडायचा. आमच्या गल्लीच्या पैऱ्याची कारभारीण शेजारची शांताक्का. वय साठीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत, आवाज असा की वेशीवर ऐकू जावा. मी तेव्हा नेमकी त्या जुन्या धड्याशी आले होते, गडी आणि दिवस. व्यस्त प्रमाण. एक वाढलं की दुसरं कमी होतं. पुस्तकातलं उदाहरण मी डोक्यात घोळवत होते आणि हातानं लाट्या करत होते. मनाशी म्हटलं, शांताक्काचे पापड आम्ही आठ बायका दर वर्षी चार तासांत उरकतो. आज पाहुण्या धरून सोळा जणी आहोत. म्हणजे दोन तास. नवाला बसलो, अकराला उठायचं.

अकरा वाजले. बारा वाजले. एक वाजला तरी निम्मं पीठ परातीत. पोळपाट नऊच होते, त्यामुळं सात जणी नुसत्याच टेकून बसलेल्या. दोनदा चहा झाला. पाहुणीच्या सुनेचा विषय निघाला, तो एक तास चालला. कुणाचा तरी पापड बघून कुणीतरी "हा भारताचा नकाशा काय?" म्हटलं, त्यावर हसण्यात अर्धा तास. शेवटचा पापड बाजेवरच्या लुगड्यावर पडला तेव्हा पाच वाजले होते.

"अक्का, आज आठ तास लागले की! बायका दुप्पट असून दुप्पट वेळ!"

शांताक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "मग? हात वाढलं की तोंडंबी वाढत्यात न्हवं!"

मी जी हसत सुटले ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायकांना वाटलं, उन्हाचं लागलं हिला. मला त्यांना सांगता येईना की सोळा गडी आणि चोवीस दिवस हे माझं उत्तर बरोबर होतं! माझ्या गावचे गडी मी बघितलेले होते, गुरुजींनी पुस्तकातले बघितले होते. पुस्तकातला गडी तंबाखू मळत नाही, पुस्तकातली बाई पाहुणीच्या सुनेबद्दल बोलत नाही. पुस्तकात सोळांना सोळा पोळपाट असतात.

त्या संध्याकाळी मी एका पत्रिकेच्या पाठीवर शांतपणे लिहिलं: माणसं गुणिले तास म्हणजे एकूण काम. काम तेवढंच राहायला हवं, आणि प्रत्येक हात सारखा चालायला हवा. ही अट असेल तरच माणसं वाढली की तास कमी. बावीस वर्षं जो नियम मला टोचत होता त्याला एक अट होती, आणि ती अट मला कुणी सांगितली नव्हती. कुणी विचारलीही नव्हती. मला स्वतःचा राग आला, गुरुजींचा आला, मग कुणाचाच राहिला नाही. फार बरं वाटलं.

मेच्या मध्याला मी अडले ती ऋण संख्यांपाशी. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. नियम पाठ होता, कुणाला नसतो? पण सातवीतलं एखादं पोर "का?" म्हणालं तर? तीन दिवस मी त्या एका ओळीभोवती घुटमळले. भाकऱ्या करपल्या. ह्यांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "हे गणित लवकर सुटू दे बाई, माझं पोट त्याच्यावर हाय."

मळ्यातल्या आमच्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरतं तशा त्या एकेक उघड्या पडत जातात. त्या वर्षी आठवड्याला दोन पायऱ्या पाणी खाली जात होतं. मी धुणं घेऊन उतरत होते आणि पायऱ्या मोजत होते, त्या दिवसांत मला काहीही मोजायची सवयच लागली होती. आठवड्याला दोन पायऱ्या खाली. खाली म्हणजे उणे दोन. अजून तीन आठवड्यांनी पाणी सहा पायऱ्या खाली असणार, उणे सहा. बरोबर. आणि तीन आठवड्यांमागं? मी मान वर केली. सहा पायऱ्या वर, दगडावर पाण्याची जुनी रेघ वाळून पांढरी झाली होती. पाणी उतरतंय ते उणे. मी काळात मागं चाललेय ते उणे. आणि पाणी मात्र वर! अधिक सहा!

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की विहिरीतली पारवी फडफडून बाहेर गेली. शांताक्का पलीकडच्या शेतातून धापा टाकत आली.

"पडलीस काय गं? काय झालं?"

"अक्का, सहा पायऱ्या! उणे दोन गुणिले उणे तीन!"

तिनं काठावरून वाकून मला नीट निरखलं. मग म्हणाली, "वर ये आदी. डोक्यावर पदर घे. ऊन लई हाय."

त्या दिवसाची गोष्ट मी कुणाला सांगते तेव्हा लोक हसतात, आणि हसण्यासारखीच आहे. पण माझ्या आयुष्यात दोन-तीनच आनंद असे झालेत जे कुणी दिले नाहीत, माझे मीच मिळवले. त्यातला हा एक. धुणं तसंच ओलं घेऊन मी घरी आले. त्या रात्रीची भाकरी करपली नाही.

मे संपता संपता पुस्तक संपलं. चिकटलेली तीन पानं सोडून सगळं. प्रत्येक उदाहरण दोनदा, अवघड तीनदा. अठ्ठावीस पत्रिका भरल्या होत्या. मी तयार होते. एखाद्या पैलवानासारखी दंड थोपटत मी शाळेत गेले. फाटकाला आंब्याचे डहाळे बांधले होते, मुलांना शिरा वाटला, आणि दुपारी टेम्पोतून पुस्तकांचे गठ्ठे उतरले. हेडमास्तरांनी सुतळी तोडून सातवीच्या गणिताची नवी प्रत माझ्या हातात दिली. तास गुरुवारी, म्हणजे तीन दिवसांनी.

मी अनुक्रमणिका उघडली आणि बघतच राहिले. पानं ओळखीची वाटेनात. व्यस्त प्रमाण नव्हतंच. जोडस्तंभालेख नव्हते. ज्या वर्गविस्तारावर मी सात पत्रिका खर्ची घातल्या होत्या त्याचा पत्ता नव्हता. त्याऐवजी समीकरणं, सममिती, घनाकृतींची चित्रं, एकामागून एक असं काहीतरी जे मी अख्ख्या सुट्टीत बघितलंच नव्हतं. जे सामाईक होतं तेही मागंपुढं, वेगळ्याच वाटेनं आलेलं. दोन दुणे चारच होते, पण ते कुठल्या वर्षी आणि कुठल्या धड्यात सांगायचे हे प्रत्येक सरकारनं आपापलं ठरवलं होतं.

माझा चेहरा बघून हेडमास्तरांनी विचारलं. मी पिशवीतून रोहनचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी पहिलं पान बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पोट धरून हसताना पाहिलं.

"टीचर, तुम्ही महाराष्ट्राची सातवी काढलीसा! आता कर्नाटकाची काढा."

मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात घेऊ या काय तास? चार दिवस जास्त मिळतील."

इथं मी रडायला हवं होतं. उन्हाळ्याच्या आधीची मी नक्की रडले असते, किंवा पाया पडून मुदत मागितली असती. मी त्या नव्या पुस्तकाचं मधलंच एक पान उघडलं. समीकरणाचा धडा होता. एक संख्या, माहीत नाही कुठली. तिची अमुक पट केली, तमुक मिळवलं, एवढे झाले. तर ती कुठली? मी उभ्याउभ्या पहिलं उदाहरण वाचलं. मग दुसरं. आणि मला जाणवलं की मी ते वाचतेय. अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत, मी नुसती वाचतेय, एखादी ताजी बातमी वाचावी तशी. दुसऱ्याच पुस्तकावर घासून का होईना, धार आली होती. धारेला कुठं कळतं ती कुठल्या दगडावर लागली ते.

"नको सर," मी म्हणाले. "गुरुवारीच घेते."

गुरुवारी सातवीत तेरा मुलं होती. हेडमास्तर शेवटच्या बाकावर, गुडघे बाकात अडकवून बसले होते. मी फळ्यावर आदल्या दिवशी स्वतःच रचलेलं उदाहरण लिहिलं. एका संख्येची तिप्पट केली, त्यात पाच मिळवले, वीस झाले. मुलांनी डोकं चालवायला सुरुवात केली. मी सोडवून दाखवायला लागले. बोलता बोलता, मुलांकडं तोंड करून, हात फळ्यावर, मी पाच दुसऱ्या बाजूला नेले आणि लिहिलं: तिप्पट बरोबर पंचवीस.

"टीचर," दुसऱ्या बाकावरून आवाज आला. रेणुका. दोन घट्ट वेण्या आणि दुधाची किटली घेऊन शाळेत येणारी मुलगी. "पंचवीस न्हाय. पंधरा."

वर्ग गप्प झाला. ती शांतता मी ओळखत होते. बावीस वर्षांपूर्वी एकदा ऐकली होती, तिच्यानंतर काय येतं तेही ठाऊक होतं. मागं हेडमास्तरांचा बाक करकरला. मी फळ्याकडं वळले. पंचवीस, माझ्याच अक्षरात, ठसठशीत. चूकच होती, सरळ सरळ चूक. मी वाट बघितली, माझ्या कानशिलांत रक्त चढायची. काहीच झालं नाही. फळ्यावर एक चुकीचा आकडा होता आणि माझ्या हातात खडू होता, एवढंच.

"खरंच की!" मी म्हणाले. "ये रेणुका, तूच दुरुस्त कर. आणि कसं कळलं ते सगळ्यांना सांग."

ती आली. टाचा उंच करून तिनं पंचवीस पुसले. मग वर्गाकडं वळून म्हणाली, "पाच मिळवल्यावर वीस झाल्यात न्हवं? मग मिळवायच्या आदी वीसपरास कमीच असणार की. पंचवीस कुठनं येणार?"

ह्याहून सरळ मला सांगता आलं नसतं. मी टाळ्या वाजवल्या, वर्गानंही वाजवल्या. मग मात्र वर्गाला चेव आला. पुढचं प्रत्येक उदाहरण मी फळ्यावर लिहायचा अवकाश, तेरा जोडी डोळे माझ्या खडूवर. कुठं चुकते, कधी चुकते! माझ्यावर पाळत ठेवायची म्हणून सगळे आधीच वहीत सोडवून बसायला लागले. ज्या मागच्या बाकावरच्या मुलाची तोंड उघडत नाही अशी ख्याती होती, तो "टीचर, माझं आधी झालं!" म्हणून ओरडला. सात उदाहरणं झाली. घंटा झाली ती कुणाला ऐकूच आली नाही, शिपाईमामांना दारात येऊन सांगावं लागलं.

हेडमास्तर गुडघे सोडवून उठले. फळ्यापाशी आले आणि मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टीचर, वेळापत्रकात तुमचं नाव घालतो. सहावी बी, सातवी बी." एवढं बोलून ते गेले. मी टेबलाला टेकून उभी राहिले. सगळ्या जगाला मिठी मारावी असं वाटत होतं. जवळ फक्त खडूची पेटी होती, ती छातीशी धरली.

मुलं दप्तरं भरून बाहेर पडत होती. रेणुका किटली घेऊन दारापर्यंत गेली, काहीतरी आठवल्यासारखी थांबली आणि वळून म्हणाली, "टीचर, उद्या बी एक चूक करा हं. आम्ही धरतो."

"करते की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केलीच. मुद्दाम केली नव्हती.